वाघ नाही, मग बोर्डावर वाघ कशाला? सर्कस कंपन्यांना सांगलीहून खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज, तासगाव भागात तंबू लावणाऱ्या सर्व सर्कस कंपन्यांचे मालक, मॅनेजर आणि पुढे येऊन मैदान बघणारे प्रसिद्धीवाले यांस

विषय : सर्कशीची जाहिरात, तिकीट आणि वेळापत्रक बदलण्याबाबत

स. न. वि. वि.

तुमची गाडी जिल्ह्याच्या हद्दीत शिरण्याआधी तुमचा माणूस ज्यांना फोन करतो ते आम्ही. कुणी बोर्ड चढवतो, कुणी रिक्षा फिरवतो, कुणी जनरेटर आणि वायरिंग बघतो, कुणी तिकीट खिडकीवर बसतो. तंबूतला खेळ तुमचा. तंबूबाहेरचा बराचसा भार आमच्यावर असतो, आणि तंबूबाहेरच सर्कस अडली आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

बोर्डापासूनच सुरुवात करू. जबडा उघडलेला वाघ, चेंडूवर उभा हत्ती, कोपऱ्यात झुल्यावरची एक मुलगी, वर आडव्या अक्षरांत ‘जगप्रसिद्ध’. कंपनी बदलते, बोर्ड तोच. पण १४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळासाठी शिकवणं आणि दाखवणं बंद झालं. सर्कसवाले कोर्टात गेले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. २०११ मध्ये यादीत बैलाची भर पडली. हत्ती या यादीत नव्हता, पण केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने एकेका सर्कशीची मान्यता काढून घेतली आणि तोही गेला. थोडक्यात, आज तिशीत असलेल्या आईबापांनी सर्कशीत वाघ पाहिलाय तो फार तर अगदी लहानपणी. बोर्डावरचा वाघ बोलतो आजोबांशी. तिकीट काढते आई. आणि आई खिडकीवर काय विचारते ते आम्हाला पाठ आहे : खेळ किती वाजता सुटतो, आत संडास आहे का, खुर्ची की गॅलरी, गाणी-बिणी वाह्यात नाहीत ना, वरून कुणी पडलं तर खाली जाळी आहे ना. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बोर्डावर नसतं. उलट पोर रडतं, ‘वाघ कुठाय?’, आणि बाप भांडायला येतो तो तुमच्याकडे नाही, खिडकीवर.

नसलेल्या प्राण्याचं चित्र छापून तिकीट विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या भाषेत दिशाभूल करणारी जाहिरात आहे. अजून कुणी तक्रार घेऊन उभं राहिलं नसेल तर ते आपल्या नशिबाने. शिवाय हा तोट्याचा व्यवहार आहे. वाघाच्या आशेने आलेला माणूस निराश होऊन जातो आणि गावात जाऊन चार घरं बंद करतो. झुल्यासाठी आलेला माणूस चार घरं घेऊन परत येतो.

प्राणी गेले म्हणून सर्कस मेली, ही रडकथाही आता पुरे. अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सने २०१६ मध्ये हत्ती काढले. गर्दी घटली आणि २०१७ मध्ये तंबू गुंडाळला गेला. तीच सर्कस २०२३ मध्ये एकाही प्राण्याशिवाय पुन्हा रस्त्यावर आली. कॅनडाच्या सर्क द्यू सोलेईने १९८४ पासून जंगली जनावर न ठेवता जगभर तिकिटं विकली. तिच्या झगमगाटाची मात्र आंधळी नक्कल नको. जून २०२० मध्ये खेळ बंद पडले तेव्हा कर्जाच्या ओझ्याने तिलाही दिवाळखोरी संरक्षण मागावं लागलं. जर्मनीच्या रोंकालीने होलोग्रामचे हत्ती-घोडे आणले, आपल्याकडेही यांत्रिक हत्ती दिसू लागलेत. पोरांना गंमत वाटते, वाटू द्या. पण त्यासाठी कुणी दुसऱ्यांदा येत नाही.

आणि हे सांगलीत सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. देशी सर्कशीचा मूळ पुरुष इथला, पलूस तालुक्यातल्या अंकलखोपचा. विष्णुपंत छत्रे घोड्यांचे जाणकार. मुंबईत इटालियन क्यारिनीची सर्कस पाहिली आणि १८८० मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस झाली, तासगावच्या परशुराम माळींची झाली. छत्र्यांची सर्कस केरळात तलश्शेरीला गेली तेव्हा तिथले कीलेरी कुन्हिकण्णन हे कसरतीचे मास्तर तिच्याकडे ओढले गेले. त्यांनी पुढे पोरं तयार केली आणि केरळ सर्कशीचं माहेर झालं. छत्रे काय विकत होते? घोड्यावरचा माणूस. तुमच्या रिंगणाचा ४२ फुटांचा व्यास हाही घोड्याचाच हिशेब आहे. अठराव्या शतकात लंडनच्या फिलिप ॲस्टलीने ठरवलेला. घोडा दुडक्या चालीने गोल फिरताना पाठीवर उभ्या स्वाराचा तोल आतल्या बाजूला टिकावा, एवढ्यासाठी. घोडा गेला, रिंगण तेवढंच राहिलं. आज त्यात एक मुलगी हुला हूप फिरवते आणि पहिली रांग तिच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर बसलेली असते. तिच्या कपाळावरचा घाम कुणाला दिसत नाही, मग टाळी कशाला पडेल? ज्या खेळांना जागा लागत नाही (रोला-बोला म्हणजे नळकांड्यावर ठेवलेल्या फळीवर उभं राहणं, हुला हूप, तोल सांभाळण्याचे इतर खेळ) त्यांच्यासाठी रिंगणात बारा फुटांचा एक फिरता चौथरा घ्या, चाकांवरचा, आणि तो कडेकडेने प्रत्येक बाजूला न्या. हे पैशांचं काम नाही, अर्ध्या दिवसाच्या वेल्डिंगचं आहे. चाकांना ब्रेक मात्र हवेत. ब्रेक नसलेला चौथरा रोला-बोलाच्या खाली सरकला तर काय होईल ते तुम्हीच जाणा.

आता बोर्ड कसा हवा ते. रस्त्याकडेच्या १० बाय २० फुटांच्या बोर्डावर चालत्या गाडीतून सहा-सात शब्दांपलीकडे काही वाचलं जात नाही. तेव्हा एकच फोटो, तुमच्याच कंपनीतल्या, याच वर्षीच्या कलाकाराचा. झुल्याचा असेल तर खालून वर काढलेला आणि जाळी फ्रेममध्ये ठेवून. जाळी लपवायची नाही. ती दिसली की उंचीही दिसते आणि आईच्या प्रश्नाला उत्तरही मिळतं. फोटोखाली मैदानाचं नाव आणि ‘अमुक ते अमुक तारीख’. बस. बाकीचा मजकूर हँडबिलावर : सर्व खेळांची सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळ, सर्व दरांची तिकिटं (फक्त सर्वांत स्वस्त नव्हे), संडास-पाणी-पार्किंग, आणि तीनच खेळांची नावं, प्रत्येकाला एक ओळ. फोटो उभा आणि आडवा असा दोन्ही काढा. उभा मोबाईलला लागतो, आडवा बोर्डाला. आडव्यातून कापून उभा केला की झुलेवाल्याचे पाय जातात, हे दर मोसमात होतं.

भिंतींवर पोस्टर डकवणं सोडा. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि पोलीस पोस्टरवरचा फोन नंबर बघूनच फोन करतात. घाटकोपरला मे २०२४ मध्ये होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, त्यानंतर बोर्डाच्या सांगाड्याचे कागद सगळीकडे जास्त काटेकोर बघितले जातात. परवान्याशिवाय चढवा म्हणून आम्हाला गळ घालू नका.

मग ‘शेवटचे ३ दिवस’. ही पट्टी चौथ्या दिवशी चिकटते आणि विसाव्या दिवशीही तिथंच असते. सांगलीकर एवढे भोळे नाहीत. लोकांना आता खात्री आहे की सर्कस जात नाही, म्हणून ते थांबतात, आणि एक दिवस खरंच जाते तेव्हा बघायचं राहिलेलं असतं. पहिल्या दिवशीच शेवटची तारीख छापा आणि ती पाळा. वाढवायचंच असेल तर चारातले दोन खेळ बदला आणि नव्या नावाने नवा आठवडा जाहीर करा.

वाढवायचं की नाही हे गर्दीच्या अंदाजावर नको, आकड्यावर ठरवा. समजा जमीनभाडं, डिझेल, जेवणखाण, पगार धरून तंबूचा रोजचा खर्च एक लाख आहे आणि सवलती वजा जाता तिकिटामागे सरासरी दीडशे रुपये हाती येतात. म्हणजे दिवसाला ६६७ तिकिटं, तीन खेळांत प्रत्येकी सव्वादोनशे. मंगळवार ते गुरुवार दुपारच्या खेळाला एवढी माणसं नसतील तर तो खेळ रद्द करा. तीन अर्धवट खेळांपेक्षा दोन भरलेले बरे, कारण रिकाम्या खुर्च्यांचा फोटोही लगेच व्हॉट्सॲपवर फिरतो.

यायचं कधी, हा प्रश्न तुमचे लोक आम्हाला नेहमी उशिरा विचारतात, मैदान ठरल्यावर. जून ते सप्टेंबर विसरा. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर होतं आणि निम्मं शहर पाण्यात. पाऊस सरला तरी काळी माती ऑक्टोबरभर फसवते. वरून भेगा पडलेल्या, टणक, आणि दोन फुटांखाली ओल. चार फुटी लोखंडी खुंटी तीन फूट आत गेली म्हणून तुम्ही निर्धास्त होता आणि ताणाच्या दोरावर वारा आला की ती लोण्यातून निघावी तशी वर येते. म्हणून कोपऱ्यांतल्या चार खुंट्या आधी ठोका, चेन पुलीने तिरक्या ओढून बघा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढा, आणि त्यानंतरच तारीख छापायला द्या. आधी हँडबिलं आणि मग खुंट्या, या क्रमानेच उद्घाटनं पुढे ढकलली जातात आणि गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत जातात.

चांगला काळ म्हणजे दिवाळीची सुट्टी ते जानेवारीचा मध्य. उसाचा हंगाम सुरू झालेला असतो. कायद्याने उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं असतं, प्रत्यक्षात मागंपुढं होतं, पण डिसेंबरपासून वाळवा-पलूसकडे हातात पैसा खेळू लागतो. तासगाव आणि मिरजेचा पूर्व भाग जानेवारीपासून द्राक्षांत आणि नंतर बेदाण्याच्या शेडवर गुंततो. त्यांना तेव्हा हलवू शकणार नाही, नादाला लागू नका. फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचे. ज्या घरात परीक्षा त्या घरातलं धाकटं पोरगंही बाहेर पडत नाही. मे महिना मोहात पाडतो, पण दुपारी चारला तंबू भट्टीसारखा तापतो आणि वळवाचा वारा न सांगता येतो. मे महिन्यात यायचंच असेल तर खेळ अडीच तासांवरून दोन तासांवर आणा आणि ५ ते ७ व ७:३० ते ९:३० असे दोनच लावा. रात्री १० नंतर भोंगा चालत नाही, म्हणून दुसरा खेळ पुढे ढकलायला जागा नाही. वाऱ्याचा वेग मोजायचं हातातलं यंत्र काही हजारांत मिळतं. तंबू बनवणाऱ्याने कागदावर लिहिलेली मर्यादा गाठली की खेळ थांबवून माणसं बाहेर, यावर मॅनेजरशी वाद नको. आणि त्या दिवसाचं तिकीट दुसऱ्या दिवशी चालेल हे तिकिटामागेच छापलेलं असू द्या, नाहीतर लोक खुर्ची सोडत नाहीत.

गावाकडच्या प्रेक्षकाबद्दल एक साधी गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. सातचा खेळ साडेनऊला सुटतो, तोवर बऱ्याच गावांची मुक्कामी एसटी निघून गेलेली असते. तरी आपली रिक्षा गावोगाव ‘रात्री ७ वाजता’ असंच ओरडत फिरते. गावांसाठी चारचाच खेळ विका. सरपंच किंवा बचत गटाच्या महिलांना गाठून पंचवीस जणांमागे दोन तिकिटं मोफत असा एकच सोपा दर ठेवा आणि टेम्पो ट्रॅव्हलर कुठे उभी राहणार ते आधी सांगा. आकाशात फिरणारा प्रकाशझोत मात्र बंद करू नका. पाच-सहा मैलांवरून दिसणारी अशी जाहिरात दुसरी नाही. फक्त तो साडेनऊपर्यंतच ठेवा. झोप मोडलेली कॉलनी तुमच्या बाजूने कधीच बोलणार नाही.

शाळांचं बुकिंग हा सर्वांत बिघडलेला भाग. सध्याची रीत अशी : सवलतीच्या कुपनांचे गठ्ठे मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचे, ते वर्गात वाटले जातात, पोरं घरी नेतात, आणि खिडकीवर कळतं की सवलत फक्त सोमवार ते गुरुवार आणि फक्त गॅलरीला. आई चिडते, शाळा बदनाम होते, पुढच्या वर्षी शिपाई गेटवरूनच परत पाठवतो. कुपनं बंद करा आणि त्याऐवजी सकाळी ११ ते १२ तंबू शाळांसाठी उघडा. शंभर-सव्वाशे मुलं, ५० रुपये, पूर्ण खेळ नाही. तंबू कसा उभा राहतो, जाळी कशी बांधतात आणि झुला कसा चालतो एवढंच.

हा तास नीट बसवला तर तो खेळापेक्षा सरस होतो. पहिली दहा मिनिटं मधले खांब, ताण आणि खुंट्या. मुलांना एक ताण हाताने दाबून बघू द्या. पुढची पंधरा मिनिटं जाळी. ती मधे सैल आणि कडांना वर उचललेली का, दोन टोकांना उंच पडदे का, आणि पडणारा माणूस पायावर न पडता पाठीवर का पडतो (पायावर पडला तर जाळी त्याला तिरका उडवते आणि घोटा दोरांच्या चौकटीत अडकतो). नायलॉनची जाळी भिजली की लांबते आणि ढिली पडते, सुती दोर भिजला की आखडून ताठ होतो. म्हणजे सकाळच्या दवानंतर दोन्ही पुन्हा ताणून बघावे लागतात, आणि उलट दिशेने. नायलॉनला उन्हाचंही वावडं आहे, धागा फिका आणि खरखरीत झाला की ती जाळी कितीही नवी वाटो, काढायची. मग वीस मिनिटं झुला. दोर ४ मीटरचा धरला तर एक पूर्ण हेलकावा सुमारे ४ सेकंदांचा, आणि तो माणसाच्या वजनावर ठरत नाही, दोराच्या लांबीवर ठरतो. ८० किलोचा झेलणारा आणि ५० किलोची उडणारी म्हणूनच एका तालात येऊ शकतात. पोरांच्या हातात स्टॉपवॉच द्या, दहा हेलकावे मोजून दहाने भागायला सांगा. उडणारीने अर्धा सेकंद उशीर केला तर झेलणारा परतीच्या वाटेला लागलेला असतो. पकड बोटांची नसते, मनगटाला मनगट अशी असते, कारण बोटं घामाने सुटतात आणि मनगट दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. हाताला लावतात ती पांढरी पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची, टाल्कम नव्हे, टाल्कमने हात उलट घसरतो. शेवटी प्रश्न. शिक्षकांना वर्गात लंबक शिकवायचा असतोच, तुम्ही तो चाळीस फुटांवर टांगून दाखवलात. अशा तासाला आलेली मुलं शनिवारी आईबापांना ओढून आणतात आणि त्या वेळी ती पूर्ण दराची तिकिटं असतात.

एक खबरदारी. लाडात येऊन कुठल्याही शाळेच्या मुलाला रिंगणात खेळ करायला उभं करू नका. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामावर ठेवायला बंदी घालण्याचा आदेश दिला. २०१६ च्या बालकामगार कायद्यातील दुरुस्तीत बालकलाकाराला सिनेमा, मालिका, जाहिराती यांत काम करायची मुभा आहे, सर्कस मात्र नाव घेऊन वगळली आहे. तुमच्या प्रसिद्धीवाल्याने हौसेने केलेला एक व्हिडिओ पुरेसा होईल.

आपल्याकडे मल्लखांब आहे, तो का वापरत नाही? अठरा पूर्ण केलेले चांगले खेळाडू स्पर्धांचं वय सरलं की नुसते बसतात. दोन हंगामांचा करार, विमा आणि बोर्डावर नाव द्या, येतील. पण तांत्रिक बाजू आधी बघा. खांबाचा मल्लखांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट. रिंगणात पुरता येत नाही, म्हणून लोखंडी बैठक लागते आणि ती आत आणून कसायला वेळ जातो, तेवढ्यात जोकर पाठवा. खांबाला एरंडेल लावतात. ते गादीवर उतरतं, पायांना लागतं, आणि त्याच गादीवरून झुलेवाले शिडीकडे गेले तर अनर्थ. त्यामुळे खांबाचा खेळ मध्यंतराच्या अगदी आधी आणि त्याची गादी वेगळी. दोरीच्या मल्लखांबाला हे काही लागत नाही, तो वरच्या सांगाड्याला टांगता येतो आणि उंचीमुळे शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

जोकरांबद्दल थोडं परखड बोलू. ठेंगण्या कलाकाराला थप्पड, मग तो पडतो, मग हशा, हे आता चालत नाही आणि चालू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बुटकेपणा ही नोंदलेली दिव्यांगता आहे आणि चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं शिक्षेस पात्र आहे. ‘बुटके जोकर’ असं बोर्डावर छापायला आम्हाला सांगू नका. हे कलाकार वेळ साधण्यात सगळ्या कंपनीत तरबेज असतात, त्यांना निवेदन द्या. तसंही तुमचं निवेदन अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, आणि भोंगा असा की दोन्ही कळत नाहीत. मराठीत बोला, हळू बोला, आणि दर पाच मिनिटांनी ‘सांगलीकर, आवाज कुठाय?’ विचारू नका.

बँड परत आणा. छत्र्यांच्या सर्कशीबरोबर ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँसाहेब फिरत असत, एवढा या धंद्याला गाण्याचा नाद होता. आज पेनड्राइव्ह असतो. प्रश्न केवळ शोभेचा नाही. झुलेवाल्याचा पहिला प्रयत्न चुकला तर ताशा-ड्रम वाजवणारा थांबून पुन्हा लय उभी करतो, प्रेक्षकाचा श्वास धरून ठेवतो. ध्वनिमुद्रित ट्रॅक मात्र ठरल्या सेकंदाला विजयाची तुतारी वाजवतो आणि माणूस अजून जाळीतून उठत असतो. पाच वादकही पुरतात. आणि सिनेमाची गाणी लावून केलेले तुमचे व्हिडिओ कंपनीच्या खात्यावर गप्प होतात, कारण त्यांचे हक्क तुमच्याकडे नसतात. स्वतःच्या बँडच्या सुरांना ही अडचण नाही.

मोबाईलचं धोरण एका वाक्यात निवेदनात सांगा : झुला आणि चाकूफेकीच्या वेळी फोन खाली, शेवटची पाच मिनिटं हवं ते चित्रीकरण करा. फ्लॅश उडणाऱ्याच्या डोळ्यांवर पडला की क्षणभर अंधारी येते आणि त्याच क्षणी हात पकडायचा असतो. स्थानिक रीलवाल्यांना पैसे देत असाल तर रीलवर ‘जाहिरात’ असं लिहायला लावा, तो नियमच आहे. पूर्ण खेळ मात्र कुणालाही टाकू देऊ नका, चढण्यापासून झोका घेण्यापर्यंत दाखवा आणि झेल तंबूत ठेवा.

ऑनलाइन तिकीट हवंच. पण रविवारी मैदानावर हजार माणसं जमली की नेटवर्क बसतं, क्यूआर उघडत नाही आणि गेटवर गोंधळ. बुकिंगच्या मेसेजमध्ये चार अंकी क्रमांक असू द्या आणि गेटवर छापील यादी. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या सर्कस तिकिटावर जीएसटी नाही. त्याच्या वर गेलात की पूर्ण रकमेवर लागतो, म्हणून ५२० चा दर कुणीतरी हिशेब न करता लावलेला असतो. मोफत पासांचं एकदाच ठरवा : मंगळवार-बुधवारच, नावानिशी, आणि एका कार्यालयाला किती ते लेखी. शनिवारी पुढच्या दोन रांगा पासवाल्यांच्या आणि पैसे भरलेला माणूस मागे, हे दृश्य आम्ही खिडकीवरून बघतो.

आणि आग. बंगळुरात ७ फेब्रुवारी १९८१ ला व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली, ९२ जण गेले, त्यांत बहुतेक मुलं. अमेरिकेत हार्टफर्डला १९४४ मध्ये कापडावर पाणी टिकू नये म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेलं पॅराफिन लावलं होतं, तंबू काही मिनिटांत पेटून कोसळला. तुमच्या कापडाचं ज्वालारोधक प्रमाणपत्र असेल तर ते फायलीत कशाला, गेटवर लावा. तिकिटाच्या मागच्या बाजूला बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा छापा. खुर्च्या एकमेकींना बांधा. पळापळीत सुट्या खुर्च्याच पायांत येतात.

आता आमच्या अटी. येत्या दिवाळीपासून आम्ही जंगली प्राण्याचं चित्र असलेला बोर्ड चढवणार नाही, शेवटची तारीख नसलेलं हँडबिल वाटणार नाही आणि खुंट्यांची ओढचाचणी झाल्याशिवाय रिक्षा फिरवणार नाही. ज्या कंपनीला हे मान्य असेल तिने तंबू यायच्या किमान तीन आठवडे आधी माणूस पाठवावा. फोटो आणि वेळापत्रक मिळाल्यापासून चार दिवसांत बोर्ड आणि हँडबिल तयार होतील. कामाची निम्मी रक्कम छपाईआधी आणि उरलेली शेवटच्या रविवारच्या पहिल्या खेळाआधी. तंबू उतरत असताना हिशेबाला बसायची पद्धत आम्ही बंद करत आहोत.

आपले,
सांगली-मिरज परिसरात सर्कशीच्या प्रसिद्धीचं, विजेचं, बैठकीचं आणि तिकीट खिडकीचं काम करणारे